हवाईदलाचे पहिले भारतीय प्रमुख : एअर मार्शल सुब्रतो मुखर्जी

आपल्या सातारा-सांगलीच्या बायकांना लष्कराची ओळख करून द्यायला नको. साताऱ्याजवळच्या एका गावाला तर लोक मिलिटरी अपशिंगेच म्हणतात. पण आपल्याकडची मुले बहुधा पायदळात जातात. हवाईदलाची माहिती आपल्याला थोडी. म्हणून आज सुब्रतो मुखर्जी यांचे चरित्र सांगते. ते जन्माने बंगाली, पण मराठी घराचे जावई.

त्यांचा जन्म ५ मार्च १९११ रोजी कलकत्त्यास झाला. वडील आय. सी. एस. अधिकारी होते. आई चारुलता शिकलेली व समाजकार्य करणारी. बहीण रेणुका राय पुढे लोकसभेत निवडून आल्या.

त्या काळी विमान चालविणे हिंदी माणसाचे काम नव्हे, असे पुष्कळ इंग्रजांना वाटे. ते खोटे पाडण्याची जबाबदारी पाच तरुणांवर आली. विलायतेत क्रॅनवेल येथे शिकून ते वैमानिक अधिकारी झाले. ८ ऑक्टोबर १९३२ रोजी हिंदी हवाईदल स्थापन झाले आणि पुढच्या वर्षी १ एप्रिलला कराचीस पहिले स्क्वाड्रन उभे राहिले. विमाने अवघी चार!

त्या पाचांतले दोघे लवकरच अपघातात गेले. आणखी दोघांची हवाईदलातील नोकरी पुढे टिकली नाही. उरले एकटे सुब्रतो. सोबती डोळ्यांदेखत गेले, तरी त्यांनी विमान सोडले नाही. वायव्य सरहद्दीच्या डोंगरांवरून त्यांनी उड्डाणे केली. १९३९ साली ते पहिल्या स्क्वाड्रनचे प्रमुख झाले. पुढे महायुद्धात कोहाटचा तळ त्यांच्या हाती आला. या दोन्ही जागांवर बसणारे ते पहिले हिंदी.

१९४७ साली फाळणी झाली. ज्या कराची-कोहाटात त्यांची उमेद गेली, ती गावे पाकिस्तानात राहिली. हवाईदलाची घडी नव्याने बसवावी लागली. स्वातंत्र्यानंतरही सहा वर्षांहून अधिक काळ प्रमुख इंग्रजच होते. १ एप्रिल १९५४ रोजी ती जागा सुब्रतोंना मिळाली. त्यांच्या कारकिर्दीत हंटर, कॅनबेरा अशी नवी जेट विमाने आली. शाळकरी मुलांसाठी फुटबॉलचे सामने भरावेत ही कल्पनाही त्यांचीच. ते सामने त्यांच्याच नावाने भरतात.

नोव्हेंबर १९६० मध्ये एअर इंडियाच्या टोकियोच्या पहिल्या फेरीने ते जपानला गेले. ८ तारखेला मित्राबरोबर जेवताना घास श्वासनलिकेत अडकला आणि डॉक्टर येण्यापूर्वीच प्राण गेला. ज्याने इतकी वर्षे आभाळातला धोका पचविला, त्याला जेवणाच्या ताटावर मरण यावे, याला काय म्हणावे! दिल्लीत अंत्ययात्रेच्या वेळी आकाशातून ४९ विमाने गेली, वयाच्या प्रत्येक वर्षासाठी एक.

त्यांच्या पत्नी शारदाबाई या राजकोटच्या मराठी पंडित घराण्यातल्या; विजयालक्ष्मी पंडितांचे यजमान रणजित हे त्यांचे चुलते. लग्न १९३९ सालचे. नवरा विमानात म्हणजे बायकोचा जीव टांगणीला. ते त्यांनी एकवीस वर्षे सोसले. पण वैधव्य आल्यावर त्या घरात कोंडून बसल्या नाहीत. १९६२ व १९६७ साली शेजारच्या रत्नागिरीतून त्या लोकसभेवर गेल्या, आणि पुढे आंध्र व गुजरातच्या राज्यपाल झाल्या.

पाचांतला एक टिकला म्हणून हवाईदल आपल्या माणसांचे झाले. आपले मंडळही असेच चार जणींनी टिकून राहिल्यानेच चालते, हे मला या चरित्रावरून वाटते.