बखरीत लिहिलंय म्हणून खरं मानायचं नाही, असं ठरवून इतिहासाचार्य राजवाडे आयुष्यभर जुनी कागदपत्रं शोधत फिरले

इतिहासाची एखादी पोस्ट आली की खाली हमखास एक कमेंट असते, पुरावा काय? मराठ्यांच्या इतिहासाला हा प्रश्न एका माणसाने सव्वाशे वर्षांपूर्वी विचारला आणि उत्तरासाठी स्वतःच्या आयुष्याची माती करून घेतली. त्यांचं नाव विश्वनाथ काशिनाथ राजवाडे.

जन्म १८६३ चा, कुलाबा जिल्ह्यातल्या वरसईचा. शिक्षण पुण्यात. तरुणपणीच पत्नी गेली, पुन्हा लग्न केलं नाही. थोडे दिवस मास्तरकी केली, भाषांतर नावाचं मासिक काढलं.

त्या काळात मराठ्यांचा इतिहास म्हणजे दोनच गोष्टी. एक, ग्रँट डफचा १८२६ सालचा इंग्रजी ग्रंथ. दुसऱ्या, आपल्या बखरी. आता बखरींची गंमत बघा. शिवाजी महाराज गेले १६८० ला आणि मल्हार रामराव चिटणीसांची बखर आली एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला. म्हणजे मध्ये शंभरावर वर्षं. एवढ्या काळात ऐकीव गोष्टींना किती फाटे फुटतात हे वेगळं सांगायला नको.

अशातच राजवाड्यांच्या हाती वाईत जुन्या पत्रांचं घबाड लागलं. पानिपतच्या आधीच्या दहा-अकरा वर्षांची पत्रं. त्यात सदाशिवरावभाऊंनी गोविंदपंत बुंदेल्यांना धाडलेली पत्रंही होती. पैसे पाठवा, नावा जमवा, शत्रूच्या मुलखात धामधूम करा. लढाई अजून झालेली नाही, काय होणार हे लिहिणाऱ्याला माहीत नाही, त्यामुळे त्यात रंगवून सांगायला वावच नाही. राजवाड्यांना नेमकं हेच हवं होतं.

१८९८ ला ही पत्रं मराठ्यांच्या इतिहासाची साधने या नावाच्या पहिल्या खंडात छापली. प्रस्तावनेत त्यांनी बखरी आणि ग्रँट डफ दोघांनाही पत्रांशेजारी बसवलं आणि तारखा, नावं, घटनाक्रम कुठे चुकतो ते दाखवलं. त्या वेळचा अस्सल कागद असेल तर त्याच्यापुढे नंतरची अख्खी बखर फिकी, हे त्यांचं मत शेवटपर्यंत बदललं नाही.

पण कागद मिळाला म्हणजे काम झालं असं नव्हतं. पत्रं मोडीत. तारखेला छ लिहून पुढे चंद्र आणि मुसलमानी महिना, वर्षाचा बऱ्याचदा पत्ताच नाही. मग मजकुरात कोण कुठे आहे, कोणती स्वारी चालू आहे हे बघायचं, दुसऱ्या पत्राशी जुळवायचं आणि साल ठरवायचं. हे किचकट काम एका-दोन पत्रांचं नाही, असे २२ खंड निघाले. कागदांसाठी ते गावोगाव पायपीट करायचे, हाताने रांधून खायचे. वाडेवाले दप्तर दाखवायला तयार नसत, तरी पुन्हा पुन्हा जायचे.

१९१० ला पुण्यात खंडेराव मेहेंदळ्यांसोबत त्यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केलं. स्वभाव मात्र कमालीचा तापट. पुढे मंडळाशीही बिनसलं आणि ते बाहेर पडले.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. बीडजवळच्या पाटांगणला ज्ञानेश्वरीची एक पोथी त्यांना मिळाली. ती एकनाथांच्याही आधीची आहे असं सांगत १९०९ ला त्यांनी ती छापली. पण मूळ पोथी पुढे अभ्यासकांना तपासायलाच मिळाली नाही आणि तिच्या जुनेपणावर वाद झाला. जो माणूस जगाकडे अस्सल कागद मागायचा, त्याच्याच बाबतीत लोकांना छापील प्रतीवर भागवावं लागलं.

जातीच्या प्रश्नावर तर त्यांची तराजू सरळसरळ कलायची. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंबद्दल त्यांनी जे लिहिलं त्यावर प्रबोधनकार ठाकरे खवळले आणि कोदण्डाचा टणत्कार हे पुस्तकच लिहून त्यांनी राजवाड्यांची उलटतपासणी केली. म्हणूनच आजही अभ्यासक त्यांच्या खंडांतली पत्रं वापरताना पत्र वेगळं ठेवतात आणि राजवाड्यांचं मत वेगळं.

शेवटची वर्षं धुळ्यात गेली. ३१ डिसेंबर १९२६ ला तिथेच ते वारले. मागे उरले कागदांचे ढीग. ते सांभाळायला धुळ्यात त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभं राहिलं, ते आजही आहे.