भिडस्त मास्तर

गेल्या डिसेंबरात राष्ट्रीय सेवा योजनेच्या सरांनी वर्गात विचारले, राजपुरीच्या बायकांना संध्याकाळी तासभर इंग्रजीची मुळाक्षरे शिकवायला कोण तयार आहे? राजपुरी माझेच गाव. जंजिऱ्याला जाणाऱ्या शिडाच्या होड्या जिथून सुटतात, ते. सगळ्या वर्गाने माझ्याकडे पाहिले आणि मन तयार होण्याआधी माझा हात वर गेला. त्यानंतर आठ दिवस मला जेवण गोड लागले नाही.

कॉलेजची पायरी चढणारी आमच्या घरातली मी पहिलीच. वडील होडीवर जातात, आई म्हावऱ्याची पाटी घेऊन मुरुडच्या बाजारात बसते. इंग्रजी मी पुस्तकातून शिकले, कानांनी नाही. अकरावीत धडा वाचताना 'आयलंड' हा शब्द मी 'इसलँड' असा वाचला आणि सारा वर्ग हसला. जंजिरा हा शब्द मुळात अरबी 'जझिरा'वरून आला, म्हणजे बेट. ज्या मुलीने जन्मभर अंगणातून बेटच पाहिले, तिला बेटाचा इंग्रजी शब्द वाचता येऊ नये! तेव्हापासून वर्गात मोठ्याने इंग्रजी वाचायचे म्हटले की माझ्या हाताला घाम सुटतो. अशा मुलीने दुसऱ्यांना इंग्रजी शिकवायचे आणि ऐकणाऱ्यांत प्रत्यक्ष आई बसलेली असायची!

ग्रंथालयातल्या बाईंना मी हे बोलून दाखवले. त्यांनी काही उपदेश केला नाही. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे 'आत्मवृत्त' फक्त हातात ठेवले. पहिल्याच पानांत मुरुड गाव आले म्हणून मी हरखले. पण ते मुरुड आमचे नव्हे. आमचे मुरुड जंजिऱ्याचे, रायगड जिल्ह्यातले. या जिल्ह्याला १९८१ पर्यंत कुलाबा म्हणत. कर्व्यांचे मुरुड रत्नागिरी जिल्ह्यात, दापोली तालुक्यात. आगरदांड्याहून दिघीला जावे, श्रीवर्धन मागे टाकावे, बागमांडल्याला बाणकोटची खाडी ओलांडावी आणि किनाऱ्याने खाली उतरत राहावे, म्हणजे ते दुसरे मुरुड लागते. तीच पुळण, त्याच नारळीपोफळी. थोडी निराशा झाली खरी, पण पुस्तक खाली ठेववेना. त्यातून आणि पुढे इतरत्र वाचून त्यांचे जे चरित्र मला समजले, ते माझ्या शब्दांत सांगते.

धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी आजोळी, शेरवली या गावी झाला. घर गरिबीचे, पण मानी. मुलगा अंगाने किरकोळ आणि स्वभावाने विलक्षण भिडस्त. चार माणसांत तोंड उघडणे म्हणजे त्याला संकट वाटे. गावच्या सोमण मास्तरांनी हे ओळखले असावे. दुर्गादेवीच्या देवळात गावकऱ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचे काम त्यांनी या मुलाला लावले. लोकांसमोर उभे राहून वाचायचा धोंडूचा तो पहिला धडा. हे वाचताना मला वाटले, बोलता न येणाऱ्या मुलाला बोलायला लावण्याची ही किती साधी युक्ती! शब्द दुसऱ्याचे, आवाज तेवढा आपला.

१८७५ साली मराठी सहावीच्या परीक्षेसाठी तो सोबत्यांबरोबर साताऱ्याला निघाला. सह्याद्री ओलांडून शंभराहून अधिक मैल, आणि तेही पायी. तिथे पोहोचल्यावर परीक्षेच्या अधिकाऱ्यांनी त्याच्याकडे पाहिले आणि हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही, असे म्हणून परीक्षेला बसूच दिले नाही. वय भरत होते, पण अंगकाठी भरत नव्हती! एवढे चालून आलेला मुलगा परत फिरला. दुसऱ्या वर्षी तो कोल्हापूरला गेला आणि पास होऊन आला.

मला सर्वांत धीर देणारा भाग यापुढचा आहे. आज अंगणवाडीतली पोरेही 'ए फॉर ॲपल' म्हणतात. कर्व्यांचे इंग्रजी शिक्षण मात्र रखडत, उशिरा झाले. रत्नागिरीला आणि मग मुंबईला रॉबर्ट मनी शाळेत शिकून ते १८८१ मध्ये मॅट्रिक झाले तेव्हा तेवीस वर्षांचे होते, लग्न झालेले होते आणि बाकावर शेजारी बसणारी मुले त्यांच्याहून लहान होती. पुढे १८८४ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजातून गणित घेऊन ते बी. ए. झाले. शिकत असतानाच शिकवण्या करून घर चालवले. पदवीनंतरही मुंबईत दिवस काढले ते शिकवण्यांवर आणि निरनिराळ्या शाळांतल्या तासांवर. त्यांतली एक शाळा होती कॅथीड्रल गर्ल्स हायस्कूल.

इथे मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले. समोर इंग्रज साहेबांच्या मुली. त्यांची ती घरची भाषा. आणि फळ्याजवळ उभा दापोलीकडचा हा भिडस्त माणूस, ज्याने ती भाषा मोठेपणी, अडखळत मिळवलेली. विषय गणिताचा असला तरी समजावून द्यायचे इंग्रजीतच. पहिल्या दिवशी त्यांच्या पायांत कापरे भरले नसेल का? मला वाटते भरले असेल. पण तास त्यांनी घेतला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. वर्गासमोर जाण्याचा निबरपणा त्यांना असा एकेका तासाने आला असावा.

१८९१ हे वर्ष त्यांना कठीण गेले. पत्नी राधाबाई वारल्या. पदरी लहान मुलगा रघुनाथ. त्याच वर्षी एल्फिन्स्टनमधले त्यांचे सहाध्यायी गोपाळ कृष्ण गोखले यांनी त्यांना पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला बोलावले. हा विषय तिथे पूर्वी कोण शिकवीत असे? बाळ गंगाधर टिळक! टिळकांनी आदल्या वर्षी डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली होती. ज्या जागेवर टिळक उभे राहिले, तिथे आपण उभे राहायचे या विचाराने कुणाचीही छाती दडपावी. कर्वे गेले, आणि १९१४ पर्यंत त्यांनी तिथे शिकवले. मोठे वक्ते ते कधीच झाले नाहीत, पण विषय पक्का समजावून देणारे शिक्षक झाले.

एवढ्यावर थांबते तर ते एक चांगले प्राध्यापक म्हणून निवृत्त झाले असते. पण ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला. गोदूबाई या त्यांचे मित्र नरहरपंत जोशी यांच्या बहीण, बालविधवा, आणि पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातील पहिल्या विधवा विद्यार्थिनी. लग्नानंतर त्या आनंदीबाई झाल्या, लोक त्यांना बाया कर्वे म्हणत. या लग्नामुळे मुरुडने त्यांना वाळीत टाकले. ज्या गावासाठी त्यांनी मुंबईत वर्गणी जमवून फंड उभा केला होता, तेच हे गाव. चार माणसांसमोर बोलायला लाजणारा माणूस अख्ख्या गावाच्या विरुद्ध उभा राहिला, तोही एकही कडवट शब्द न काढता. भिडस्तपणा आणि भित्रेपणा या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मला इथे कळले.

१८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. १९०० मध्ये तो पुण्याबाहेर हिंगण्याला, रावबहादूर गोखले यांनी दिलेल्या जागेवर, एका झोपडीत गेला. आज कर्वेनगर म्हणून गजबजलेला हा भाग तेव्हा ओसाड माळ होता. दिवसभर कॉलेजात शिकवायचे आणि संध्याकाळी आश्रमाचे सामान घेऊन चिखलातून चारेक मैल हिंगण्याला चालत जायचे, असा त्यांचा क्रम होता. कॉलेजात कलनगणित आणि झोपडीत बाराखडी! एकाच दिवसात, एकाच माणसाने.

त्या झोपडीत शिकायला बसलेल्या बायका कोण होत्या? केशवपन झालेल्या, लाल आलवणातल्या, घराच्या कोपऱ्यात वाढलेल्या. बाईने पुस्तक हाती घेतले तर नवरा मरतो, असे सांगणारा तो काळ. शिक्षकाला वाटते भीती आपल्यालाच आहे. पण पहिल्यांदा पाटी हातात घेणाऱ्या त्या बाईची भीती केवढी असेल! आपले हसे होईल, आपल्याला जमणार नाही, आता वय उलटून गेले, असे किती विचार तिच्या मनात येत असतील. स्वतः उशिरा शिकलेल्या, वयाने मोठे होऊन लहान मुलांत बसलेल्या मास्तरला हे न सांगता समजत असले पाहिजे.

बायांच्या धाकट्या भगिनी पार्वतीबाई आठवले याच आश्रमात घडल्या. विधवा, पदरी मूल, आणि विशी उलटेपर्यंत अक्षराची ओळख नाही. त्या शिकल्या, आश्रमासाठी गावोगाव फिरून व्याख्याने देऊ लागल्या, निधी गोळा करू लागल्या. पण इंग्रजी येत नाही ही खंत राहिली, तेव्हा १९१८ मध्ये वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्या थेट अमेरिकेला गेल्या आणि लोकांच्या घरी धुणीभांडी, घरकाम करीत तिथे इंग्रजी शिकल्या! माझी आई त्रेचाळीस वर्षांची आहे. ही हकीकत मी तिला रात्री भाकऱ्या भाजताना सांगितली. ती काही बोलली नाही. पण तव्यावरची भाकरी त्या दिवशी करपली.

१९१६ मध्ये कर्व्यांनी महिला विद्यापीठ स्थापन केले. जपानच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या वाचनात आली होती. सुरुवातीच्या विद्यार्थिनी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. शिक्षण मातृभाषेतून आणि इंग्रजी हा एक विषय, अशी तिथली रचना होती. मला ही रचना फार मोलाची वाटते. इंग्रजी यावे, पण ज्याला येत नाही त्याला अडाणी ठरवण्याचे ते साधन होऊ नये. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी देऊ केली आणि त्यांच्या मातोश्री श्रीमती नाथीबाई दामोदर यांचे नाव विद्यापीठाला मिळाले.

१९२९ मध्ये, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, अण्णा युरोपला निघाले. पुढे अमेरिका, जपान असा प्रवास झाला. परक्या देशांतल्या सभांत उभे राहून त्यांनी हिंदी स्त्रियांच्या शिक्षणाची कहाणी इंग्रजीतून सांगितली. बर्लिनमध्ये आइन्स्टाइन यांची भेट झाली. दुर्गादेवीच्या देवळात वर्तमानपत्र वाचणारा तो मुलगा कुठवर पोहोचला! आणि तिथून परत येऊन त्यांनी काय केले? १९३६ मध्ये, जिथे शाळा नाहीत अशा खेड्यांत प्राथमिक शाळा काढण्यासाठी मंडळ स्थापले आणि वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यासाठी दारोदार वर्गणी गोळा करीत फिरले. साऱ्या जगाची यात्रा करून माणूस पुन्हा मुळाक्षरांपाशी आला.

१९५८ मध्ये, शंभराव्या वर्षी, त्यांना 'भारतरत्न' मिळाले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. एकशे चार वर्षांचे आयुष्य! पण भिडस्तपणा त्यांनी कधी टाकून दिला, असे कुठे वाचायला मिळाले नाही. तो त्यांच्याबरोबर साताऱ्याला चालत गेला, हिंगण्याला चालत गेला, बोटीत बसून परदेशी गेला. मी आजवर वाट पाहत होते ती भीती जाण्याची. मग शिकवीन, असे म्हणत होते. अण्णांनी तशी वाट पाहिली नाही.

पहिल्या दिवशी संध्याकाळी समाजमंदिरात अकरा जणी आल्या. बाजार उरकून, हातपाय धुऊन, चापूनचोपून लुगडी नेसून आल्या होत्या. कुणाला औषधाच्या बाटलीवरचे वाचायचे होते, कुणाला बँकेतल्या कागदावरचे. एकीचा नातू इंग्रजी शाळेत जातो. त्याच्या डायरीत बाई काय लिहितात ते कळत नाही, म्हणून ती आली होती. आई शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून बसली आणि मला अनोळखी असल्यासारखी इकडेतिकडे पाहत राहिली.

फळ्यावर पहिले अक्षर काढताना माझ्या हातातला खडू तुटला. मागे वळून पाहिले तर कुणीही हसत नव्हते. सगळ्याजणी आपापल्या पाटीवर वाकल्या होत्या. पाऊण मणाची पाटी डोक्यावर तोलणारे, सुरीच्या एका फटक्यात सुरमईचे तुकडे करणारे ते हात पेन्सिल धरताना कापत होते. माझ्या हातापेक्षा जास्त. तेव्हा माझा खडू स्थिर झाला, असे मी म्हणणार नाही. पण पुढचे अक्षर काढता आले.

तास संपताना एकीने विचारले की, समोर किल्ला दिसतो त्या बेटाला इंग्रजीत काय म्हणतात? मी फळ्यावर शब्द लिहिला. अक्षरे ओळखणाऱ्या एका तरुण सुनेने एकेक अक्षर जुळवत तो मोठ्याने वाचला, 'इसलँड'. माझ्या अंगावर काटा आला. मी त्यांना सांगितले की त्यातला 'स' लिहायचा असतो, उच्चारायचा नसतो. आणि मीही पहिल्यांदा तो असाच वाचला होता.

यावर मात्र सगळ्याजणी हसल्या. सर्वांत मोठ्याने शेवटच्या रांगेतून.