अच्युतराव पटवर्धन

अच्युतराव पटवर्धन (५ फेब्रुवारी १९०५ – ५ ऑगस्ट १९९२) हे भारतीय स्वातंत्र्यलढ्यातील अग्रणी, समाजवादी विचारवंत, अर्थशास्त्राचे प्राध्यापक आणि काँग्रेस समाजवादी पक्षाच्या संस्थापकांपैकी एक होते. १९४२च्या 'छोडो भारत' आंदोलनात त्यांनी भूमिगत राहून नेतृत्व केले. सातारा जिल्ह्यातील प्रतिसरकारच्या चळवळीशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे. स्वातंत्र्यानंतर अल्पावधीतच, वयाच्या पंचेचाळिशीत, त्यांनी सक्रिय राजकारण सोडले.

जन्म आणि शिक्षण

अच्युतरावांचा जन्म अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे झाला. वडील हरी केशव पटवर्धन हे नगरमध्ये वकिली करीत. त्यांच्या सहा मुलांपैकी अच्युतराव दुसरे. थोरले बंधू पुरुषोत्तम हे पुढे रावसाहेब पटवर्धन या नावाने प्रसिद्धीस आले. अच्युतराव चार वर्षांचे असताना शिक्षण खात्यातील निवृत्त अधिकारी सीताराम पटवर्धन यांनी त्यांना दत्तक घेतले. सीतारामपंतांचे निधन १९१७ साली झाले.

जन्मदाते व दत्तक वडील दोघेही थिऑसॉफीचे अनुयायी असल्यामुळे नगरमधील शालेय शिक्षण संपताच अच्युतरावांना ॲनी बेझंट यांनी स्थापन केलेल्या बनारसच्या सेंट्रल हिंदू कॉलेजात पाठविण्यात आले. अर्थशास्त्र विषय घेऊन ते एम.ए. झाले आणि १९३२ पर्यंत तेथेच अध्यापन करीत राहिले. या काळात त्यांनी इंग्लंड व युरोपचा तीन वेळा प्रवास केला, तेथील समाजवादी नेत्यांच्या गाठी घेतल्या आणि समाजवादी व साम्यवादी वाङ्मयाचा अभ्यास केला. १९३२ साली प्राध्यापकपद सोडून ते सविनय कायदेभंगात उतरले. पुढील दशकात त्यांना अनेकदा तुरुंगवास घडला.

रशियन क्रांतीचा संदर्भ

अच्युतरावांच्या पिढीतील समाजवाद्यांच्या राजकारणामागे रशियातील १९१७च्या घडामोडी सतत उभ्या असत. मार्च १९१७ मध्ये पेट्रोग्राड शहरात पावाच्या टंचाईने त्रासलेल्या कापडगिरण्यांतील स्त्रिया संपावर गेल्या, इतर कामगार त्यांना मिळाले, आणि गर्दीवर गोळ्या झाडण्यासाठी आणलेल्या पलटणींनीच बंड केले. आठवडाभरात झार दुसरा निकोलस याने पदत्याग केला व तीनशे वर्षांची रोमानोव्ह राजवट संपली. हा उठाव कोणा एका पक्षाने घडविलेला नव्हता. सत्ता मात्र नोव्हेंबरमध्ये लेनिनच्या बोल्शेविक पक्षाच्या हाती गेली. त्यानंतर झालेल्या निवडणुकीत बहुमत न मिळाल्याने त्या पक्षाने जानेवारी १९१८ मध्ये संविधान सभा एका दिवसाच्या बैठकीनंतर बरखास्त केली. लोकांच्या उठावाने राजा गेला. परंतु राज्य लोकांचे झाले की पक्षाचे, हा प्रश्न जगभरच्या समाजवाद्यांपुढे राहिला. भारतात तो १९३०च्या दशकात तीव्रतेने पुढे आला.

काँग्रेस समाजवादी पक्ष आणि साम्यवाद्यांशी मतभेद

आचार्य नरेंद्र देव, जयप्रकाश नारायण, मिनू मसानी, अशोक मेहता आदींसह अच्युतरावांनी १९३४ साली काँग्रेसअंतर्गत समाजवादी पक्षाची स्थापना केली. १९३६ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष जवाहरलाल नेहरू यांनी आपल्या कार्यकारिणीत तीन समाजवाद्यांना घेतले: नरेंद्र देव, जयप्रकाश आणि अच्युतराव. अच्युतरावांनी पुढे या पदाचा राजीनामा दिला.

याच सुमारास समाजवादी पक्षाने साम्यवाद्यांना आपले दार उघडले. डाव्या शक्तींची एकजूट व्हावी, असा जयप्रकाशांचा आग्रह होता. साम्यवादी कार्यकर्ते पक्षाच्या शाखा ताब्यात घेत असल्याची तक्रार लवकरच होऊ लागली. मॉस्कोत जुन्या बोल्शेविक नेत्यांवर चाललेल्या खटल्यांमुळे सोव्हिएत राजवटीविषयीचा विश्वासही डळमळला होता. १९३९ साली अच्युतराव, राममनोहर लोहिया, मसानी आणि अशोक मेहता या चौघांनी जयप्रकाशांच्या साम्यवादीविषयक धोरणाच्या निषेधार्थ पक्षाच्या कार्यकारिणीचा राजीनामा दिला. स्वतः उभारलेल्या पक्षात जवळच्या सहकाऱ्याविरुद्ध अशी भूमिका घेणे सोपे नव्हते. परंतु वर्षभरातच पक्षाला साम्यवाद्यांना बाहेर काढावे लागले.

जून १९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावर आक्रमण केल्यावर हा दुरावा आणखी वाढला. भारतीय साम्यवादी पक्षाने महायुद्धास लोकयुद्ध ठरविले आणि १९४२च्या आंदोलनापासून तो दूर राहिला. त्यामुळे ब्रिटिश सत्तेविरुद्ध देशातील सर्वांत मोठा जनउठाव झाला तेव्हा रशियन क्रांतीचा वारसा सांगणारा पक्ष त्याबाहेर होता, आणि उठावाचे भूमिगत नेतृत्व प्रामुख्याने समाजवाद्यांकडे आले.

भूमिगत लढा

ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेसचे नेते पकडले गेले. नेहरू, वल्लभभाई पटेल, मौलाना आझाद प्रभृतींना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. अच्युतरावांचे ज्येष्ठ सहकारी नरेंद्र देवही त्यांच्यात होते. अच्युतरावांच्या जन्मगावी काँग्रेसची कार्यकारिणी बंदिवासात होती, आणि ते स्वतः पोलिसांना चुकवीत हिंडत होते.

लोहिया, अरुणा असफ अली, सुचेता कृपलानी यांच्यासह अच्युतरावांनी आंदोलनाचे गुप्त केंद्र चालविले. नोव्हेंबरमध्ये जयप्रकाश हजारीबागच्या तुरुंगातून निसटून या केंद्रास येऊन मिळाले. तीन वर्षांपूर्वीचा मतभेद या कामाच्या आड आला नाही. 

महाराष्ट्रात अच्युतरावांचे विशेष लक्ष सातारा जिल्ह्याकडे होते. आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग तेव्हा साताऱ्यातच मोडत असे. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली तेथे उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारने (लोकांच्या तोंडी 'पत्री सरकार') १९४३ ते १९४६ या काळात अनेक गावांचा कारभार हाती घेतला. न्यायदान मंडळे भांडणे मिटवीत, तुफान सेना दरोडेखोरांचा बंदोबस्त करी, सावकारीला व दारूला आळा घातला जाई आणि लग्ने अल्प खर्चात लावली जात. ही यंत्रणा स्थानिक कार्यकर्त्यांनी उभारली होती. तिचे श्रेय एकट्या अच्युतरावांना देणे योग्य होणार नाही. त्यांनी या कार्यकर्त्यांना मार्गदर्शन केले आणि देशव्यापी भूमिगत चळवळीशी जोडून घेतले. आंदोलनाच्या संपूर्ण काळात ते पोलिसांच्या हाती लागले नाहीत.

राजकारणातून निवृत्ती

१९४७ साली समाजवाद्यांनी पक्षाच्या नावातून काँग्रेस हा शब्द वगळला आणि मार्च १९४८ मधील नाशिक अधिवेशनात काँग्रेसशी संबंध तोडला. अच्युतराव या घडामोडींत सहभागी होते. तथापि १९५० साली त्यांनी पक्षीय राजकारण सोडले आणि पुन्हा कोणतेही सत्तापद स्वीकारले नाही. नाना पाटील पुढे साम्यवादी पक्षात गेले व त्या पक्षातर्फे १९५७ मध्ये साताऱ्यातून, तर १९६७ मध्ये बीडमधून लोकसभेवर निवडून आले. साताऱ्याच्या एकाच चळवळीशी निगडित असलेल्या दोन नेत्यांच्या वाटा अशा वेगळ्या झाल्या. रावसाहेब पटवर्धनांनी साने गुरुजींच्या निधनानंतर आचार्य जावडेकरांसमवेत 'साधना' साप्ताहिकाचे संपादन केले.

अच्युतराव बनारसला अध्यापनाकडे वळले. थिऑसॉफीच्या वातावरणामुळे जे. कृष्णमूर्तींशी त्यांचा जुना परिचय होता. आता ते त्यांच्या विचारांकडे अधिकाधिक ओढले गेले आणि कृष्णमूर्तींच्या भारतातील शैक्षणिक कार्याशी जोडले गेले.

अशोक मेहता यांच्यासमवेत त्यांनी लिहिलेला 'द कम्युनल ट्रँगल इन इंडिया' हा जातीय प्रश्नावरील इंग्रजी ग्रंथ १९४२ मध्ये प्रसिद्ध झाला. ५ ऑगस्ट १९९२ रोजी वाराणसी येथे अच्युतरावांचे निधन झाले. सोव्हिएत संघाचे विसर्जन त्याच्या सुमारे सात महिने आधी, डिसेंबर १९९१ मध्ये झाले होते.