सावित्रीबाईंनी उघडं ठेवलेलं दार

सावित्रीबाई फुले म्हटलं की भिडेवाड्यातली १८४८ सालची मुलींची शाळा आठवते. त्यांच्या घरातलं दुसरं काम मात्र कमी सांगितलं जातं.

३ जानेवारी १८३१ ला सातारा जिल्ह्यातल्या नायगावात जन्म, नवव्या वर्षी जोतीरावांशी लग्न. लिहायला-वाचायला त्या सासरी आल्यावर शिकल्या आणि पुढे शिक्षिका झाल्या.

१८६३ च्या सुमारास पुण्यात एक प्रकरण गाजलं. जोतीरावांचे स्नेही गोवंडे यांच्याकडे काशीबाई नावाची तरुण ब्राह्मण विधवा स्वयंपाकाला होती. शेजारच्या एका शास्त्र्याने तिला फसवलं. दिवस गेले, तसे त्याने हात वर केले. लोकलाजेपायी तिने जन्मलेलं मूल मारलं. तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. शास्त्री मोकळाच राहिला.

फुले दांपत्याने त्यावर आपल्याच घराच्या आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. अडलेल्या विधवेने यावं, गुपचूप बाळंत व्हावं, मूल न्यावं किंवा तिथेच ठेवावं, अशी पत्रकं पुण्यातल्या ब्राह्मण वस्तीच्या कोपऱ्यांवर लावली. या बायकांची आणि मुलांची काळजी सावित्रीबाईंनी वाहिली. १८८४ पर्यंत ३५ जणी तिथे आल्या होत्या.

१८७४ मध्ये आलेल्या अशाच एका विधवेचा मुलगा या जोडप्याने दत्तक घेतला. तोच यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात मायलेक रोग्यांच्या सेवेत उतरले. त्यातच लागण होऊन १० मार्च १८९७ ला सावित्रीबाई गेल्या.

या कामाचं मोठेपण एका गोष्टीत आहे. दारात आलेल्या बाईची आधी उलटतपासणी नाही. आधी आसरा, आधी उपचार, आणि नावाची गुप्तता.

आज हे कायद्यातही आलंय. अत्याचार झालेल्या स्त्रीवर सरकारी असो वा खासगी, रुग्णालयाला तातडीने मोफत उपचार करावेच लागतात. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, जवळच्या पोलिस ठाण्याने तक्रार नोंदवून घ्यायची असते. सीमाभागातल्या माणसांनी तर हे पक्कं ध्यानात ठेवावं. मदतीसाठी ११२ आणि महिलांसाठी १८१ हे क्रमांक आहेत. तिचं नाव जाहीर करणं हाच गुन्हा ठरतो.

तरीही पहिलं दार घरचंच असतं. ते बंद असलं की काशीबाईचं काय होतं, हे पुण्याने तेव्हाच पाहिलंय.