ओले एव्हिनरूड : होडीच्या मागे मशीन बसवणारा माणूस



परिपाठात किंवा निबंधात आपण थोर व्यक्तींची चरित्रं घेतो. त्यात राजे, संत, समाजसुधारक, शास्त्रज्ञ असतात. एखादा कारागीर मात्र क्वचितच असतो. रेवदंड्यासारख्या खाडीकाठच्या गावात तर तो असायलाच हवा, म्हणून आज ओले एव्हिनरूड यांच्याविषयी. लहान होडीच्या मागच्या फळीला जे मशीन लटकवलेलं असतं, ज्याला आपण आऊटबोर्ड म्हणतो, ते सामान्य माणसाच्या हातात पोहोचवणारे हेच.

ओलेचा जन्म १८७७ साली नॉर्वेत एका शेतकरी घरात झाला. तो चार-पाच वर्षांचा असताना कुटुंब अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात जाऊन राहिलं. तिथेही शेतीच. शाळा फारशी झाली नाही, पण हात सतत काहीतरी जोडत-सोडत असायचे. पोरवयात त्याने स्वतः एक होडी बांधली. मुलाने शेत सोडून पाण्याच्या मागे लागावं हे वडिलांना पटलं नाही आणि त्यांनी ती मोडून टाकली, असं सांगतात. ओलेने दुसरी बांधली!

सोळाव्या वर्षी घर सोडून तो मॅडिसन शहरात यंत्रांच्या कारखान्यात कामाला लागला. दिवसा काम आणि रात्री पुस्तकांतून यंत्रशास्त्र. पुढे पिट्सबर्ग, शिकागो असं फिरत ते मिलवॉकीला आले. ओतकामासाठी लाकडी साचे बनवण्यात त्यांचा हात बसला होता. इथेच त्यांना बेस केरी भेटली. ओले अबोल, हिशेबाचा कंटाळा करणारे. बेस हुशार, पत्रव्यवहार आणि हिशेब सांभाळणारी. १९०६ मध्ये दोघांचं लग्न झालं.

त्याच सुमाराची एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. तळ्याकाठी सहलीला गेले असता बेसला आइस्क्रीम हवं झालं. ओले वल्ही मारत पलीकडच्या काठाला गेले, पण परत येईपर्यंत आइस्क्रीम वितळून गेलं. गोष्टीत थोडं मीठ-मसाला असेलही. वल्ह्याने हात भरून येतात हे मात्र आपल्याकडच्या कुठल्याही कोळ्याच्या घरात वेगळं समजावावं लागत नाही.

१९०९ मध्ये त्यांनी मशीन विकायला काढलं. ताकद दीड अश्वशक्ती, वजन ६२ पौंड म्हणजे सुमारे २८ किलो, किंमत ६२ डॉलर. असं मशीन बनवणारे ते पहिलेच नव्हते. अमेरिकेतच कॅमेरून वॉटरमन यांचं मशीन आधी बाजारात आलं होतं. तेव्हा मुलांना सांगताना शोध लावला असं न म्हणता, चालेल आणि परवडेल असं मशीन बनवलं, असं सांगा. जाहिरातीचा मजकूर बेसने लिहिला. मागणी वाढली, थेट स्कँडिनेव्हियातल्या मच्छीमारांपर्यंत मशीन गेलं.

आता जरा इंजिनाकडे वळूया, कारण ओलेंचा सगळा झगडा वजनाशी होता. एका माणसाला उचलून होडीच्या मागे अडकवता आलं पाहिजे, नाहीतर उपयोग काय? म्हणून त्यांनी टू स्ट्रोक इंजिन घेतलं. या इंजिनात उघडझाप करणाऱ्या झडपांची यंत्रणा नसते आणि खाली तेलाचं वेगळं भांडंही नसतं. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण पिस्टनखालच्या पेटीतून वर जातं, त्यामुळे तिथे तेल साठवताच येत नाही. मग बेअरिंग, पिस्टन यांना तेल मिळणार कसं? पेट्रोलमधूनच. ते तेल आपलं काम करतं आणि पेट्रोलबरोबर जळून जातं. जेटीवर मशीन चालू करताना निळसर धूर दिसतो तो याचाच.

म्हणजे मशीन हलकं झालं, पण तेलाची जबाबदारी वापरणाऱ्याच्या हातात आली. दर टाकीला, दर वेळी. आजच्या बऱ्याच टू स्ट्रोक आऊटबोर्डना ५० भाग पेट्रोलला १ भाग तेल लागतं, म्हणजे १ लिटरला २० मिलिलिटर, २५ लिटरला अर्धा लिटर. जुन्या मशीनला आणि नवं मशीन रुळेपर्यंत अनेकदा दुप्पट लागतं, १ लिटरला ४० मिलिलिटर. मशीनसोबतच्या पुस्तिकेत असेल तेच प्रमाण धरायचं. तेल कमी पडलं तर पिस्टन धरतो आणि मशीन जाम. जास्त झालं तर धूर, आणि प्लग काळा पडून मशीन बंद. कुंडलिकेच्या मुखाशी ओहोटीचं पाणी बाहेर ओढत असताना मशीन बंद पडणं म्हणजे काय, हे आपल्या वर्गातल्या काही मुलांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

तेल कोणतं, हाही प्रश्न आहेच. डब्यावर टीसी-डब्ल्यू३ असं लिहिलेलं, पाण्याने थंड होणाऱ्या टू स्ट्रोक मशीनचं तेल हवं. स्कूटरचं टू स्ट्रोक तेल स्वस्त मिळतं म्हणून ओतू नये. स्कूटरचं इंजिन हवेने थंड होतं, जास्त तापतं, आणि त्याच्या तेलात राख राहणारे घटक असतात. आऊटबोर्ड थंड चालतं, तिथे ती राख पिस्टनवर आणि प्लगवर साचते. फोर स्ट्रोकचं इंजिन ऑइल तर नाहीच नाही. मिसळताना आधी थोड्या पेट्रोलमध्ये मोजलेलं तेल टाकून हलवावं, मग उरलेलं पेट्रोल घालावं. काही मशीनना तेलाची वेगळी टाकी असते, ती स्वतःच तेल सोडतात. तिथे पेट्रोलमध्ये मिसळायचं नाही, टाकी भरलेली आहे ना एवढं पाहायचं.

पुन्हा ओलेंकडे. धंदा जोरात असताना बेसची तब्येत ढासळली. १९१४ च्या सुमारास ओलेंनी आपला हिस्सा भागीदार ख्रिस मेयर यांना विकला, पाच वर्षं या धंद्यात न उतरण्याचं कबूल केलं आणि पत्नीला घेऊन प्रवासाला निघाले. स्वतःचं नाव असलेली कंपनी त्यांनी बायकोच्या प्रकृतीसाठी सोडली. मला या माणसाच्या आयुष्यात हीच गोष्ट सगळ्यात मोठी वाटते.

डोकं मात्र थांबलं नव्हतं. त्यांनी ॲल्युमिनियम वापरून दोन सिलिंडरचं नवं मशीन बनवलं. वजन ४८ पौंड म्हणजे २२ किलोच्या आत, आणि ताकद तीन अश्वशक्ती. आधीपेक्षा हलकं आणि ताकद दुप्पट. ते त्यांनी आधी मेयर यांनाच देऊ केलं. मेयर नको म्हणाले. मग १९२१ मध्ये एल्टो नावाची नवी कंपनी उभी राहिली आणि बेस पुन्हा कामाला लागली. १९२९ मध्ये एल्टो, जुनी एव्हिनरूड कंपनी आणि आणखी एक कंपनी एकत्र आल्या आणि प्रमुख झाले ओलेच.

१९३३ मध्ये बेस गेली. पुढच्याच वर्षी, १९३४ मध्ये, ओलेही गेले. वय ५७. मुलगा राल्फ याने धंदा पुढे नेला. एव्हिनरूड नावाची मशीन २०२० पर्यंत बनत होती.

वर्गासाठी एक सुचवतो. पाचवीच्या पुढे गुणोत्तर शिकवताना पेन्सिल-आंब्यांच्या उदाहरणांबरोबर हेही घ्या : टाकीत १५ लिटर पेट्रोल आहे, प्रमाण ५० ला १, तेल किती? ज्यांच्या घरी होडी आहे ती मुलं ३०० मिलिलिटर हे उत्तर वही न उघडताच देतील. त्यांना फळ्याजवळ बोलवा आणि कसं काढलं ते बाकीच्यांना सांगू द्या. प्रत्यक्ष पेट्रोल मात्र वर्गात आणू नका, रंगीत पाणी आणि मापाचा पेला पुरतो.