रेव्हरंड नारायण वामन टिळक : भजनातून भक्ती (मराठी निबंध)



आपल्या पेण-रोह्याकडे हरिनाम सप्ताह सुरू झाला की रात्री उशिरापर्यंत टाळ-मृदंग ऐकू येतो. शाळेत न गेलेली आजीसुद्धा अभंग तोंडपाठ म्हणते. हीच चाल आणि हेच टाळ ख्रिस्ती उपासनेत मानाने आणणाऱ्या एका कवीची आज ओळख करून घेऊया. ते म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक.

टिळकांचा जन्म 1861 साली आपल्या शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका ब्राह्मण कुटुंबात झाला. आईचे नाव जानकीबाई. आई लहानपणीच गेली आणि टिळक घर सोडून नाशिकला आले. तिथे ते संस्कृत शिकले. पुढे कीर्तन, कविता, शिक्षकाची नोकरी असे करत ते गावोगाव फिरत राहिले. लक्ष्मीबाईंशी लग्न झाले, पण एका जागी स्थिर राहणे त्यांच्या स्वभावातच नव्हते.

1893 साली आगगाडीच्या प्रवासात एका गोऱ्या गृहस्थाने त्यांना बायबलचा नवा करार दिला. तो वाचता वाचता त्यांचे मन बदलले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. याची किंमत फार मोठी होती. नातेवाईक तुटले. लक्ष्मीबाई मुलाला घेऊन सुमारे पाच वर्षे वेगळ्या राहिल्या. नंतर त्या नगरला परत आल्या आणि 1900 साली त्यांनीही स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला.

धर्म बदलला, पण टिळकांनी मराठीपण सोडले नाही. त्या वेळी मराठी चर्चमध्ये बरीच गीते इंग्रजीवरून भाषांतर केलेली आणि विलायती चालीची असत. मराठीत ऱ्हस्व-दीर्घाला महत्त्व असते. परक्या चालीत शब्द बसवताना ते ओढावे किंवा तोडावे लागतात. मग ओठ गातात, पण मन गात नाही. टिळकांना हे खटकत होते. त्यांनी अभंग, ओवी, पदे अशा आपल्या रचनांत ख्रिस्तावरची भजने लिहिली. मोठ्या अभंगात पहिल्या तीन चरणांत सहा-सहा आणि चौथ्या चरणात चार अक्षरे असतात. त्यामुळे निरक्षर माणूसही दोनदा ऐकले की सोबत म्हणू लागतो. नगरला कृष्णराव सांगळे ख्रिस्ती कीर्तने करत होतेच. तीच वाट टिळकांनी आणखी रुंद केली. संत तुकारामांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, असे ते मानत.

'उपासना संगीत' या भजनसंग्रहात त्यांची दोनशेहून अधिक गीते आहेत. आजही मराठी चर्चमध्ये ती गायली जातात. 1912 पासून त्यांनी 'ज्ञानोदय'च्या मराठी विभागाचे संपादन केले. 'केवढे हे क्रौर्य' ही कविता त्यांचीच. तरुण बालकवींनाही त्यांच्या घरात आसरा मिळाला होता.

9 मे 1919 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अपुरे राहिले. ते कोणी पूर्ण केले माहीत आहे? लक्ष्मीबाईंनी! लग्नाच्या वेळी ज्यांना लिहिता-वाचताही येत नव्हते, त्याच लक्ष्मीबाईंनी उरलेले बहुतेक अध्याय लिहिले आणि 'स्मृतिचित्रे'सारखे आत्मचरित्रही दिले.

आपल्या रायगडातल्या बेने इस्राएल लोकांनीही आपल्या धर्मकथा मराठी कीर्तनातून गायल्या. म्हणजे टाळ एकाच धर्माचा नसतो, बरं का!

मुलांनो, परिपाठाला मी कधी नवीन प्रार्थना अवघड चालीत शिकवते, तेव्हा तुम्ही नुसते ओठ हलवता. तीच ओवीच्या चालीत घेतली की सगळा वर्ग गातो. टिळकांना हेच कळले होते. देवाशी बोलायचे तर आपल्याच भाषेत, आपल्याच सुरात बोलावे.

उपक्रम : तुमच्या घरी किंवा शेजारी म्हटली जाणारी एक प्रार्थना ऐका. ती कोणत्या चालीत आहे आणि कोणी शिकवली, ते पाच ओळींत लिहा.