चालती मोटार थांबवणारा

कोकणातल्या शाखेत असताना एका नाखवांना मी होडीच्या आउटबोर्ड मोटारीसाठी कर्ज दिलं होतं. ऐन हंगामात हप्ते थकले. पाहणीला गेलो, तर होडीमागे पाण्यावर तेलाचा तवंग. मिस्त्रीने खालच्या गिअरपेटीतलं तेल काढलं. ते ताकासारखं पांढुरकं, म्हणजे आत पाणी शिरलेलं. पंखा उतरवला. दांड्याला जाळ्याचा नायलॉन दोरा गुंडाळला होता आणि त्यानेच तेलाचं सील कापलं होतं. हंगाम बुडेल म्हणून नाखवांनी मोटार तशीच दामटली होती.

या मोटारीला घरोघर पोचवणारा ओले एव्हिनरूड मला पुढे वाचनात भेटला. जन्म नॉर्वेतला, १८७७चा. पाचव्या वर्षी तो अमेरिकेत विस्कॉन्सिनला आला आणि यंत्रकाम कारखान्यांत शिकला. बेससाठी तळ्यापलीकडून वल्हवत आणलेलं आइस्क्रीम वाटेतच वितळलं आणि त्याला मोटारीची कल्पना सुचली, असं सांगतात. १९०९ साली त्याची दीड अश्वशक्तीची मोटार बाजारात आली. यंत्र त्याचं, पत्रव्यवहार आणि हिशेब पत्नी बेसचे. कामाच्या रगाड्यात तिची प्रकृती ढासळली, तेव्हा त्याने भरभराटीतला कारखाना विकून टाकला. काही वर्षांनी ॲल्युमिनियमची हलकी मोटार घेऊन दोघं पुन्हा धंद्यात उतरली. १९३३ साली बेस गेली, १९३४ साली तो.

माझ्या खतावणीत ती विक्री आतबट्ट्याचीच ठरली असती. पण गळती दिसली की मोटार थांबवावी लागते. घराचंही तसंच असतं, हे मला निवृत्तीनंतर उमगलं.